सर्जेराव मिस्त्री आणि आबांची गाडी

गाडी आणून शेडसमोर उभी केली की सर्जेराव मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ते आत वाकत, सीटकडे, पायाखालच्या मॅटकडे, किलोमीटरच्या आकड्याकडे बघत. मग सरळ होऊन कमरेवर हात ठेवत आणि तीन प्रश्न विचारत. "चालवतं कोण? जाती कुठवर? आन् उभी कुठं असती?" एवढं झाल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही हा त्यांचा नेम होता. घाईतली गिऱ्हाइकं वैतागत. एकदा एका मास्तरांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही गाडी दुरुस्त करणार का सोयरीक जमवणार?" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सोयरीकच असती गुर्जी. गाडीचं दुखनं निम्मं गाडीत असतं आन् निम्मं घरात."

मला त्यांचं हे बोलणं तेव्हा पाल्हाळ वाटायचं. मी फौजेत क्लार्क होतो, हुद्दा हवालदाराचा. माझ्या आयुष्यात बंदुकीपेक्षा फायलीच जास्त आल्या, पण गावात आल्यावर रुबाब मात्र सगळी सरहद्द मीच सांभाळतोय असा. कुठल्याही गोष्टीचं कारण लेखी असावं, सही-शिक्क्यानिशी असावं, असं माझं मत. अशा माणसाला मिस्त्रींसारखा माणूस कळायला फार वेळ लागतो. मला लागला. आणि ते कळेपर्यंत मी त्यांना नको ते बोलून बसलो होतो, आणि माझ्या वडिलांनाही.

मिस्त्रींची शेड आमच्या गावच्या फाट्यावर, फलटणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. पत्र्याचं छप्पर, एक लिंबाचं झाड, जमिनीत खणलेला खड्डा आणि चहाची किटली. ते उंच होते आणि वाकून वाकून खांद्यात थोडे पुढे आलेले. अंगात खाकी शर्ट. तो खाकी का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी ते तीनदा भरतीला गेले होते. पळण्यात पहिले, छातीच्या मापात बसले, आणि तिन्ही वेळा तळपाय सपाट म्हणून परत आले. घरटी एक फौजी असलेल्या गावात हे दुखणं फार जिव्हारी लागतं. मिस्त्री ते हसण्यावारी नेत. "सपाट पायाच्या माणसाला गोळी लागत न्हाई का रं?" असं विचारून स्वतःच हसत. पण सुट्टीवर आलेल्या जवानाची गाडी आली की हातातलं दुसरं काम बाजूला ठेवत. "त्येची सुट्टी मोजकी असती," म्हणत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पांढऱ्या कापडाचा एक घडी घातलेला तुकडा असे. इंजिनाचे प्लग काढले की तो पसरून त्यावर चारही प्लग ओळीनं मांडायचे आणि चहाचा कप हातात घेऊन त्यांच्यापुढे उकिडवं बसायचं. "प्लग खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मालक बोलतो, डायवर बोलतो. प्लग बोलत न्हाई." प्लगचं टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं असलं की इंजिन ठीक. पांढरं पडलं की पेट्रोल कमी पोचतंय. आणि तव्याच्या बुडासारखं काळं झालं की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतंय, ते पुरतं जळत नाही, काजळी धरतेय. कारागीर लोक याला 'मिक्स्चर रिच झालं' म्हणतात. मिस्त्री म्हणत, "गाडीला अजीर्ण झालंय."

अजीर्णाची कारणं शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची गाडी अशीच काळा धूर ओकायची. त्यानं दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. मिस्त्रींनी तिसरा प्रश्न विचारला, "दुपारची उभी कुठं असती?" तो म्हणाला, "कुठं म्हणजे? तोडीच्या फडाकडेला." मिस्त्रींनी हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं. आत उसाच्या जळलेल्या पाचटाची राख मुठीनं निघाली. फडातलं पाचट पेटवलं की ती काळी राख हवेत उडते, सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती गाडीच्या नाकातही बसत असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हवाच कोंडली, मग पेट्रोल जास्त होणारच. फिल्टर बदलून ते त्याला म्हणाले, "गाडीला काय झालं न्हाई सायेब. तिला फकस्त सावली बदलून द्या."

आता माझ्या गाडीबद्दल. आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, गावात एकटे राहू लागले. मी नोकरीवर कुठे राजस्थानात, कुठे आसामात. बायको मुलांच्या शाळेसाठी सांगलीत. आबांना सांगलीला चला म्हटलं तर म्हणायचे, "माझी म्हस कोन बघंल?" म्हैस विकली तर म्हणाले, "घराला कुलूप लावू का मी जिता असताना?" मग मी एक जुनी, छोटी, पांढरी पेट्रोल गाडी घेतली आणि गावच्या घरासमोरच्या पत्र्याखाली ठेवली. आबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दारात गाडी असावी, कोणीही शेजारी चालवेल, असा हिशेब. आबांना स्वतःला चालवता येत नव्हती. आयुष्यभर त्यांनी बैलगाडी हाकली आणि नंतर सायकल.

सुट्टी संपवून निघताना मी आबांना पत्र्याखाली उभं करून हुकूम दिला. आमच्या युनिटात रोज सकाळी गाड्यांची परेड असते. तेल बघायचं, पाणी बघायचं, इंजिन चालू करून ऐकायचं. तसंच मी आबांना शिकवलं. क्लच दाबायचा, किल्ली फिरवायची, दोन मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. "रोज सकाळी, न चुकता. नाहीतर बॅटरी उतरेल," मी म्हणालो. आबांनी मान डोलावली. मला वाटलं, म्हातारा आठ दिवसांत विसरेल. खरं सांगायचं तर नंतर मीच विसरलो.

पुढच्या सुट्टीत आलो तर गाडी ओळखू येईना. चालू झाली की थरथरायची, मागून काळा धूर, पेट्रोलचा असा वास की डोळे चुरचुरावेत. पेट्रोल तर पाण्यासारखं जायचं. मी ती तशीच सांगलीला नेली. कराड ओलांडलं तसा धूर कमी झाला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. सांगलीतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिला लॅपटॉप जोडला, सायलेन्सरमधला सेन्सर बदलला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, ऑइल बदललं आणि छापील कागद हातात दिला. कागद बघून मी खूश. गाडी सुधारली होती. ती गावी ठेवून मी नोकरीवर गेलो, आणि सहा महिन्यांनी आलो तर पुन्हा तोच धूर, तोच वास. पुन्हा सांगली, पुन्हा एक सेन्सर, पुन्हा छापील कागद. तिसऱ्या खेपेला आबाच भीत भीत म्हणाले, "आपल्या फाट्यावर सर्जेराव हाय. त्येला दाव की एकदा."

मी आबांना शेजारी बसवून गाडी फाट्यावर नेली. मिस्त्रींनी दार उघडून आत वाकून पाहिलं. त्यांचे तीन प्रश्न झाले. मी तुटकपणे उत्तरं दिली. चालवतं कोणी नाही, मी सुट्टीला आलो की मीच. जाते सांगलीला. उभी असते दारात.

"सांगलीला जाताना वाटंतच बरी हुती न्हवं?" मिस्त्रींनी विचारलं.

मी आठवून म्हणालो, "होय. कराडच्या पुढे धूर थांबतो."

"मग वर्कशापात जायच्या आधीच बरी हुती की ती." ते हसले. "रस्ता बरी करतोय हवालदार. आन् गावात आली की आजारी पडतीया."

मग त्यांनी प्लग काढले. चारही काळेकुळकुळीत. त्यानंतर ऑइलची पट्टी ओढून ती माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, आणि पट्टीवरच्या खुणेच्याही वर ते चढलं होतं. इंजिन थंड असताना गाडी आपोआप जास्त पेट्रोल घेते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. ते गरम होण्याआधीच बंद केलं की न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. मग इंजिन गरम झालं की त्याचीच वाफ पुन्हा आत ओढली जाते, आणि लांब पळवून ते पेट्रोल उडून जाईपर्यंत, सेन्सर कितीही बदलला तरी, धूर काही थांबत नाही. "दुखनं भागात न्हाई. सवयीत हाय," ते म्हणाले.

"कसली सवय? गाडी तर उभी असते," मी म्हणालो.

मिस्त्री पुन्हा एकदा दार उघडून आत वाकले. ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकवलेली होती. मॅटवर अंगणातल्या मातीचे, चपलेचे ठसे होते. मी सकाळी बसताना सीट मागे ढकलायचा प्रयत्न करून, अडकली म्हणून तशीच गुडघे दुमडून चालवत आलो होतो. ते ठसे माझ्या बुटांचे नव्हते. हे सगळं माझ्याही डोळ्यांसमोर होतं, पण मी आपला हातातल्या छापील कागदावर काय लिहिलंय ते वाचत होतो. मिस्त्रींनी मान वर करून लिंबाखाली उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे बघत होते. मिस्त्री फक्त एवढंच म्हणाले, "उभ्या उभ्या काजळी धरतीया. तुमी जावा बिनघोर. दर रव्वारी मी येऊन लांब फिरवून आनीन. गरम झाली की आपसूक साफ हुईल."

दोन वर्षं तसंच चाललं. रविवारी दुपारी आबांचा फोन यायचा. आधी आबांचे फोन म्हणजे पाऊस, पाणी, शेजारच्याचं भांडण आणि खोकला. आता ते गाडीबद्दल बोलायचे. "आज मिस्त्री आलता. गायरानावरनं फिरून आलो. लय ग्वाड पळती रं." मी कामाच्या गडबडीत "बरं, बरं" म्हणायचो. सुट्टीत यायचो तेव्हा गाडी फुलासारखी असायची. मी मिस्त्रींना एकदा मिठाईचा पुडा नेऊन दिला आणि पाठ थोपटली. मोठ्या साहेबानं शिपायाची थोपटावी तशी.

मग एका हिवाळ्यात मिस्त्रींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन महिने घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. हे आबांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. त्याच सुमारास मी सुट्टीवर आलो. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि शिरवळला कंपनीत असलेल्या मुलाच्या घरचे सांगलीला येणार होते. आबांना घेऊन मी पहाटेच निघालो. गाडी गावाबाहेर पडता पडता धूर ओकायला लागली आणि रहिमतपूरच्या अलीकडे बंद पडली ती पडलीच. आम्ही दुपारी तिघांच्या सीटवर पाच जण बसवणाऱ्या एका जीपमधून, घामाघूम होऊन सांगलीला पोचलो. पाहुणे निघायच्या तयारीत होते. लग्न काही मोडलं नाही, पण माझी मान खाली गेली ती गेली.

गाडी ओढून आणून गावी परत पत्र्याखाली लावली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला इंजिनाच्या आवाजानं जाग आली. बाहेर आलो तर आबा ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसलेले. डोक्याला टोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बिचारे तीनदा किल्ली फिरवून तिला चालू करायची खटपट करत होते. शेवटी ती चालू झाली, मागून काळा लोट आला. दोन मिनिटं झाली आणि त्यांनी ती बंद केली. एरवी सुट्टीत मी गाडी लगेच सांगलीला नेत असे, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. त्या क्षणी सगळं माझ्या ध्यानात आलं. रोज सकाळी दोन मिनिटं. पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून तिसरं मिनिट नाही. चार वर्षं, न चुकता.

मी काय बोललो ते इथं सगळं लिहवत नाही. "तुम्हीच वाट लावलीत गाडीची," असं बोललो. "अडाणी ते अडाणीच," असंही बोललो. आबा गाडीतून उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच सांगितलं व्हतंस बाळू." मला ते ऐकू आलं, पण पटलं नाही. चूक दुसऱ्याची असते तेव्हा माणसाचे कान फार तयार असतात, स्वतःची असली की नाही.

तसाच मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते खाटेवर टेकून बसले होते, पोटाला पट्टा. मी दारातूनच विचारलं, "आबा रोज गाडी चालू करतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"पहिल्या दिवसापासून?"

"सीट बघितली तवाच कळलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

मिस्त्री म्हणाले, "सांगितलं असतं तर तू बंद करायला लावलं असतंस. सकाळचा आवाज झाला की शेजारची म्हनायची, आबा, हवालदार आला काय? आबास्नी त्ये बरं वाटायचं रं. म्हनून मी म्हनलं, सकाळचं ऱ्हाऊ द्या त्येंचं. रव्वारी आपुन फिरवू, काजळी जाती की."

ही गोष्ट एवढी साधी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे निघून चाललेले पाहुणे होते. मी म्हणालो, "तुम्हाला भरतीत का घेतलं नाही ते आज कळलं. शिस्त नावाची गोष्टच नाही तुमच्यात."

मिस्त्रींचा चेहरा बदलला नाही. त्यांनी पट्टा सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, "रोज चालू करा म्हनून हुकूम कुनाचा व्हता, हवालदार?" मी वळून चालू लागलो. त्याच दिवशी मेकॅनिक बोलावून गाडी चालती केली आणि सांगलीला घेऊन गेलो. आबांना म्हणालो, "तुम्हाला गरजच काय गाडीची? काही लागलं तर जीप आहे." ते ओसरीवर उभे होते. पत्र्याखालची मोकळी जागा बघत म्हणाले, "ने की. तुझीच हाय."

त्यानंतर आबांचे फोन कमी झाले. मी केला की उचलायचे, पण बोलायला काही नसायचं. पाऊस, पाणी, खोकला. एकदा मी विचारलं, "मिस्त्री येतात का?" तर म्हणाले, "येतो की. पर आता काय, नुस्तं बसतो ओसरीवर." चार महिन्यांनी आबा गेले. संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले. मी तेव्हा अरुणाचलमध्ये होतो. पोचायला तीन दिवस लागले आणि अग्नी चुलतभावानं दिला. गावातले म्हणाले, सगळी धावपळ मिस्त्रींनी केली. दहाव्याला ते सर्वांच्या मागे उभे होते. मला त्यांच्याजवळ जायचं होतं. दोनदा उठलोही. आणि दोन्ही वेळा पुन्हा बसलो.

मी निवृत्त झालो, सांगलीला आलो, एका गोदामावर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. मिस्त्रींची शेड बंद झाल्याचं कळलं होतं. त्यांना दम्यानं गाठलं होतं. मग एकदा गावाकडचा माणूस भेटला आणि म्हणाला, मिस्त्री लेकीकडे माधवनगरला असतात. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तरी मला तिथं जायला सात-आठ महिने लागले. रोज कामावरून येताना वाटायचं, आज जाऊ, आणि स्कूटर आपोआप घराकडे वळायची.

शेवटी एका रविवारी गेलो. पूर्वीच्या गिरणी कामगारांच्या चाळींपैकी एक घर, दारात प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत मिस्त्री. अंगानं निम्मे झालेले. श्वास घेताना गळ्यातून शीळ वाजायची. मला बघून म्हणाले, "या हवालदार. गाडी बरी हाय न्हवं?"

मी त्यांच्यापुढे खाली बसलो. म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी भरतीवरून बोललो ते चुकलं माझं. लय चुकलं."

त्यांनी हात झटकला. "त्ये कवाच इसरलो. तीन वेळा सरकारनं म्हनलं, चौथ्यांदा तू म्हनलास. तेवढं काय त्येचं." लेकीनं चहा आणून दिला, तो त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. "माझंबी चुकलंय. तुला एक सांगायचं ऱ्हायलं. आबास्नी मी शबुद दिला व्हता, म्हनून सांगितलं न्हाई. मग आबा गेलं, तवा तुझं तोंड बघून सांगवंना."

मी म्हणालो, "सांगा."

"रव्वारी गाडी मी चालवत न्हवतो. पैले दोन-चार रव्वार चालवली. मग आबा म्हनाले, मला शिकीव."

मला वाटलं, दम्याच्या औषधानं काहीतरी बोलतायत.

"गायरानावर शिकवली. मोकळं रान, कुनी मधी यायचं न्हाई. सत्तरीचा मानूस, पयल्यांदा बैलावानी 'हो, हो' करून गाडी थांबवायचे." मिस्त्री हसले आणि त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर पुढे म्हणाले, "क्लच सोडाय लय दीस लागले. पर एकदा बसला हात तर बसला. तुला सांगायचं न्हवतं त्येंना. पुढच्या सुट्टीला तू फाट्यावर उतरशील तवा तुला न्यायला यायचं व्हतं, गाडी घेऊन. म्हनायचे, बाळूनं यस्टीतनं उतरून बघावं, तर म्या डायवरच्या सीटवर."

मी विचारलं, "किती आली होती त्यांना?"

"तिसऱ्या गिअरपातूर आले व्हते. मागं घ्यायला बी येत व्हती. म्या म्हनलं, चौथा शिकवतो, मग लायसनचं बघू. तेवढ्यात माझं आपरेशन झालं. म्हनलं, टाके भरले की शिकवू." त्यांनी कप खाली ठेवला. "तवर तू गाडी नेलीस."

मी खाली मान घालून बसलो. रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. मिस्त्रींनीही आवर म्हटलं नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, "मग हे आज का सांगितलं, मिस्त्री? नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं."

त्यांनी दम खाल्ला. तुटक तुटक, एका एका श्वासाला चार-चार शब्द असं ते बोलले. "तुला रडवायला न्हाई सांगितलं गड्या. तुजा बाप मोटार चालवायला शिकला. सत्तराव्या वर्षी. गावात कुनाला ठाव न्हाई. म्या गेलो तर त्ये जगात कुनालाच ठाव ऱ्हानार न्हाई. ही काय बरी गोष्ट हाय का?"

त्यानंतर मी दर रविवारी माधवनगरला जात राहिलो. प्रत्येक वेळी त्यांना तेच विचारायचो, आणि ते न कंटाळता सांगायचे. पहिल्या दिवशी आबांनी गाडी बंद कशी पाडली, एकदा बाभळीला घासणार होती ती कशी वाचवली, गाडीत चप्पल काढून अनवाणी पायानंच कशी चालवायला लागले, का तर मॅट खराब झाली तर मी ओळखेन म्हणून. असे पाच रविवार मिळाले. सहाव्या आठवड्यात त्यांच्या लेकीचा फोन आला.

मिस्त्रींना जाऊन आता वर्ष होईल. आबा गायरानावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवायचे, काच खाली करून, टोपी घट्ट बसवून. हे ठाऊक असलेला मी आता एकटाच उरलोय, आणि मी तिथं नव्हतो.